सायकलवर मूल बसवायचं कुठे?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतून कांदे-बटाटे, कोबी, दुधी अशी १५ किलो भाजी घ्यावी, दोन पिशव्यांत सारखी वाटावी, पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकवाव्यात आणि घर गाठावं. रोज सायकल चालवणाऱ्याला यात अवघड असं काही नाही. पण त्याच कॅरिअरवर सीट लावून साडेतीन वर्षांचं, म्हणजे साधारण तेवढ्याच वजनाचं मूल बसवलं, की पहिल्याच सिग्नलला सायकल एका अंगाला ओढू लागते. पाय टेकताना तारांबळ उडते. उतरताना तर कोणीतरी मागून धरावं असं वाटतं. सायकल तीच, चालवणारा तोच, वजनही जवळपास तेवढंच. मग फरक पडतो कशाने?

फरक तीन गोष्टींचा आहे. भाजी चाकाच्या बाजूला खाली लटकते, मूल वर बसतं. भाजी गप्प असते, मूल शेजारून बस गेली की अंग वळवून बघतं. आणि भाजीची पिशवी आपण पुढे सरकवून बांधू शकतो, मुलाची सीट जिथे पक्की केली तिथेच राहते. सीट विकत घेताना आपण रंग, गादी आणि किंमत बघतो. खरं तर आपण एक जिवंत, हलतं वजन सायकलवर नेमकं कुठे ठेवायचं ते ठरवत असतो. एवढं ध्यानात आलं की निवडीचे बाकीचे प्रश्न भराभर सुटतात.

चालती सायकल सावरते, उभी सायकल कलते

आपल्याला भीती वाटते ती चालत्या सायकलवरून मूल पडेल याची. पण चालत्या सायकलला स्वतःला सावरायची सोय असते. ती डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो, चाकं तोल जाणाऱ्या बाजूला सरकतात आणि सायकल पुन्हा सरळ होते. हे सतत चालू असतं, आपल्याला कळतही नाही. वेग जसा कमी होतो तसं हँडल जास्त वळवावं लागतं. सायकल थांबली की ही सोयच संपते. मग सगळा भार आपल्या हातांवर आणि टेकलेल्या एका पायावर येतो.

हा भार किती, ते साध्या हिशेबाने काढता येतं. समजा सायकलचं वजन १६ किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे सगळं वजन एकवटलं आहे असं मानता येतं तो बिंदू, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे. भाजीच्या पिशव्यांचा गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर. मूल १५ किलोंचं आणि सीट ४ किलोंची, असे १९ किलो जमिनीपासून सुमारे १ मीटरवर. हँडलची उंचीही १ मीटर धरू. आता सायकलवरून उतरून ती नुसती हाताने धरून उभे राहा आणि तिला कलू द्या. ती सावरायला हँडलवर किती किलोंचा जोर लावावा लागेल?

१० अंश कलली तर: रिकामी सायकल १.४, भाजीसकट २.६, मुलासकट ४.७ किलो.
२० अंश कलली तर: रिकामी २.७, भाजीसकट ५, मुलासकट ९.२ किलो.
३० अंश कलली तर: रिकामी ४, भाजीसकट ७.४, मुलासकट १३.५ किलो.

मंडईच्या कोड्याचं उत्तर या तीन ओळींत आहे. वजनाइतकीच त्याची उंचीही मोजावी लागते. मूल बसलेली सायकल २० अंश कलली की ९ किलोंचा जोर लागतो, आणि तोही एका क्षणात, बेसावध असताना, बहुधा दुसऱ्या हातात दप्तर धरलेलं असताना. ३० अंशांपुढे बहुतेकांच्या हातून सायकल सुटतेच. मुलाचं डोकं तेव्हा जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतं आणि मूल पट्ट्याने बांधलेलं असल्यामुळे सायकलबरोबरच खाली येतं.

म्हणून पहिला नियम उभ्या सायकलचा. स्टँड लावून मुलाला सीटवर ठेवायचं आणि आपण दुधाची पिशवी आणायला दुकानात शिरायचं, हे एक मिनिटासाठीही नको. बाजूला टेकायचा साइड स्टँड मुळातच सायकल कलती ठेवतो. जुन्या पद्धतीच्या सायकलींना मागचं चाक उचलून धरणारा मोठा स्टँड असतो. तो जास्त भक्कम खरा, पण पुढचं चाक मोकळंच राहतं आणि मुलाने अंगाला झोका दिला की हँडल वळून सायकल घसरते. सामान आधी लावावं आणि मूल सगळ्यात शेवटी बसवावं. उतरवताना मूल सगळ्यात आधी. घरी दोघं असतील तर एकाने सायकल दोन्ही पायांमध्ये धरून उभं राहावं, दुसऱ्याने मूल बसवावं. एकटं असाल तर ब्रेकची मूठ जाड रबर बँडने आवळून ठेवा. चाकं जागची हलत नाहीत आणि सायकल कमरेशी टेकवून दोन्ही हात मोकळे होतात.

मागच्या चाकाचा टेकू

आता दुसरी गोष्ट, वजन पुढे-मागे किती. मागच्या चाकाचा आस, ज्याला मेकॅनिक एक्सल म्हणतो, तो बागेतल्या सी-सॉच्या टेकूसारखा आहे. टेकूच्या पुढे ठेवलेलं वजन पुढचं चाक जमिनीवर दाबतं. टेकूच्या मागे ठेवलेलं वजन पुढचं चाक वर उचलू बघतं.

दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण १०५ सेंटिमीटर अंतर असतं. सीट आणि मूल मिळून १९ किलोंचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटिमीटर मागे असला, तर पुढच्या चाकावरचा भार १.८ किलोंनी कमी होतो. तोच ३० सेंटिमीटर मागे गेला, लांबलचक कॅरिअरच्या टोकाला सीट बसवली की हेच होतं, तर ५.४ किलोंनी कमी होतो. चालवणारा बसलेला असताना हे खपून जातं, कारण त्याचंच बरंच वजन पुढच्या चाकावर असतं. तो उतरला की चित्र पालटतं. रिकाम्या सायकलच्या पुढच्या चाकावर जेमतेम ७ किलो असतात. त्यातले साडेपाच गेले की उरले दीड. आता ही सायकल पर्वतीच्या पायथ्याच्या एखाद्या चढावर हातात धरून उभी करा. पुढचं चाक हलकं होऊन डुलायला लागेल आणि मुलाने मागे रेलून अंग टाकलं तर उचललंही जाईल.

चांगल्या सीटच्या कडेला गुरुत्वमध्याची खूण छापलेली असते. ती आसाच्या पुढे किंवा बरोबर वर असावी, मागे गेलीच तर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त जाऊ नये, असं सीट बनवणारे बजावतात. ही खूण आणि आस यांतलं अंतर घरच्या टेपने मोजता येतं. फार पुढे ओढूनही चालत नाही, कारण मग मुलाचं नाक आपल्या पाठीला लागतं.

तीन जागा, तीन हिशेब

मूल बसवायच्या जागा तीनच: आपल्या पुढे हँडलमागे, दांड्यावर आणि मागे.

पुढच्या सीटला पाठ आणि पट्टे असतात आणि ती हँडलखालच्या नळीला किंवा फ्रेमला बसते. मूल आपल्या दोन हातांच्या मध्ये, डोळ्यांसमोर राहतं. बोलता येतं, झोप लागली तर लगेच कळतं. वजन दोन्ही चाकांच्या मध्ये येत असल्यामुळे पुढचं चाक हलकं होण्याचा प्रश्न नाही. अडचणी वेगळ्या आहेत. गुडघे सीटला आपटू नयेत म्हणून ते फाकवून पायडल मारावं लागतं. मूल वाढलं की समोरचं दिसत नाही. जोरात ब्रेक लागला तर मोठ्या माणसाचं अंग मुलावर येतं. थेट हँडलवर लटकणारी सीट असेल तर प्रत्येक वळणाला मुलाचं वजनही वळवावं लागतं आणि हँडल जड होतं. म्हणून फ्रेमला बसणारी सीट बरी. युरोपात ईएन १४३४४ नावाचं मानक आहे. त्यात पुढच्या सीटसाठी ९ ते १५ किलो ही मर्यादा आहे.

दांड्यावरची छोटी सीट पुण्यात सगळ्यात ओळखीची. दांड्याला आवळलेली, वर रेक्झिनची गादी, खाली पाय टेकायला दोन सळ्या. हिला पाठ नसते, पट्टा नसतो. मूल हँडल धरून बसतं, म्हणजे त्याची पकड हाच त्याचा पट्टा. दोन-अडीच वर्षांचं मूल कुत्रं दिसलं की बोट दाखवायला हात सोडतं, हे ज्याच्या घरी मूल आहे त्याला सांगायला नको. शिवाय पाय पुढच्या चाकाच्या अगदी जवळ येतात. पायटेकू ठेवूनही पाय घसरून तारांत जायची शक्यता राहते आणि पुढचं चाक अचानक अडकलं तर सायकल सगळ्यांसकट पालथी होते. सोसायटीच्या आवारात पायी चालण्याच्या वेगाने फेरी मारायला ही ठीक. कर्वे रस्त्यावर नाही.

मागची सीट ९ ते २२ किलोंपर्यंत चालते, म्हणून सगळ्यात जास्त वर्षं उपयोगी पडते. उंच पाठ, खांद्यावरून येणारे पट्टे, पायांना बाजूने झाकणारी ढाल आणि पाऊल बांधायचा पट्टा, असं सगळं तिच्यात सामावतं. आपण पडलो तरी मुलावर पडत नाही. उणीव एवढीच की मूल दिसत नाही आणि ते मागे काय करतंय ते सायकलच्या डुगडुगण्यावरून ओळखावं लागतं.

मुलाला ओढगाडीत बसवून सायकलला जोडण्याचीही एक पद्धत आहे. युरोपातल्या सलग सायकल मार्गांवर ती छान चालते, कारण सायकल पडली तरी ओढगाडी उलटतेच असं नाही. पण ती बुटकी असते, बसच्या चालकाला दिसत नाही आणि रिक्षांच्या गर्दीत तिची रुंदी अडते. पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तरी आजही सायकल मार्ग मधेच संपतो, मधेच त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि सायकल उचलून खाली रस्त्यावर घ्यावी लागते. ओढगाडीसकट ते जमत नाही. आणि मागच्या सीटवर मूल असताना असं उचलणं म्हणजे वर मांडलेला कलण्याचा हिशेब पुन्हा पुन्हा करणं. अशा मार्गापेक्षा आतल्या गल्लीतला लांबचा रस्ता परवडतो.

स्पीडब्रेकर कोणाला जास्त लागतो?

मागची सीट दोन प्रकारे बसते. एक कॅरिअरवर आवळून. दुसरी फ्रेमला: आपल्या सीटखालच्या उभ्या नळीला एक जाड कडं आवळायचं, त्यात स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन सळ्या अडकवायच्या आणि त्या सळ्यांवर मुलाची सीट मागच्या चाकाच्या वर अधांतरी तरंगती ठेवायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही दुसरी पद्धत कच्ची वाटते. हाताने दाबली की सीट चक्क खालीवर होते. पण पुण्यात तिचं हे लवचीकपणच कामाला येतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेप्रमाणे गोलसर स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. म्हणजे उतार इतका सावकाश की ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी सुखाने पार व्हावी. आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर उंचीला तेवढाच किंवा जास्त असतो आणि रुंदीला एका ढेंगेत संपतो. मागचं चाक त्यावर चढून १० सेंटिमीटर वर आलं, की आसाच्या बरोबर वर बसलेलं मूलही १० सेंटिमीटर वर फेकलं जातं. आसाच्या १० सेंटिमीटर मागे असेल तर ११. आपण स्वतः आसाच्या २८ सेंटिमीटर पुढे बसलो असलो तर फक्त ७.३ सेंटिमीटर उचलले जातो. शिवाय आपण पायडलवर उभं राहून धक्का गुडघ्यांवर घेतो. बांधलेल्या मुलाला तशी सोय नाही. थोडक्यात, आपल्याला हलका वाटलेला धक्का मुलाला तसा वाटलेला नसतो.

कॅरिअरवर आवळलेली सीट हा धक्का जसाच्या तसा मुलाच्या पाठीपर्यंत पोचवते. लवचीक सळ्या वाकून त्यातला काही भाग गिळतात. म्हणून फ्रेमची नळी चालण्यासारखी असेल तर फ्रेमला बसणारी सीट घ्यावी. या कड्याला गोल नळी लागते, बहुतेक कडी साधारण २८ ते ४० मिलिमीटर जाडीची नळी धरतात. चपटी किंवा कार्बनची नळी चालत नाही आणि मागे शॉकअप असलेल्या फ्रेमवरही अशी सीट बसवू नये. कडं आवळण्याआधी नळीवरून जाणारी गिअरची केबल त्याखाली दबत नाही ना, ते बघायचं.

कॅरिअरचीच सीट घ्यायची झाली तर कॅरिअर किती वजन पेलतं ते त्यावर कोरलेलं असतं, ते वाचायचं. २२ किलोंचं मूल आणि ५ किलोंची सीट मिळून २७ होतात. त्यामुळे लहान मुलांच्या सीटसाठीच्या भक्कम कॅरिअरवर २७ हा आकडा दिसतो. वर्तमानपत्र अडकवायच्या चापाचं हलकं ॲल्युमिनियमचं कॅरिअर, ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते यासाठी नाही.

आधी मूल बघा

एक वर्षाच्या आत मुलाला सायकलवर बसवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण साधं आहे. जन्मतः बाळाचं डोकं अंगाच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसात ते आठव्या भागाच्या आसपास येतं. एवढं जड डोकं, त्यावर हेल्मेटचं ओझं आणि वर स्पीडब्रेकरचा धक्का, हे सगळं पेलायला मानेचे स्नायू अजून तयार नसतात. आधाराशिवाय आपलं आपण बराच वेळ बसता येणं ही खरी कसोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात १ वर्षाच्या मुलाचं सरासरी वजन ९.६ आणि मुलीचं ९ किलोंच्या जवळपास आहे. सीटची खालची मर्यादा ९ किलो आहे, ती त्याच्याशी जुळते. त्याच तक्त्यात ३ वर्षांना वजन १४ किलोंच्या आसपास, ५ वर्षांना १८ किलोंच्या थोडं वर. म्हणजे पुढची सीट साधारण साडेतीनपर्यंत आणि मागची सीट पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. आपल्याकडे बरीच मुलं याहून हलकी असतात, त्यामुळे वजनाने सीट अजून चालेल असं दिसतं. पण खांदे पट्ट्याच्या वरच्या खाचेच्या वर गेले किंवा डोकं पाठीच्या वर आलं की सीट लहान झाली असं समजावं.

हेल्मेट मुलाचं स्वतःचं हवं, मोठ्या भावाचं कापूस कोंबून घातलेलं नको. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली एक बोट जाईल इतका पट्टा. मागून फुगीर असलेलं हेल्मेट सीटच्या पाठीला टेकून डोकं पुढे ढकलतं. म्हणून चांगल्या सीटच्या पाठीला डोक्याच्या जागी खोलगट बाक दिलेला असतो. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा लहान मुलांसाठीचं ईएन १०८० हे आकडे बघायचे. दुसऱ्याचा पट्टा जोरात ओढ बसली की आपोआप सुटतो. हेल्मेट घालून घसरगुंडीवर चढलेल्या मुलाचा गळा अडकू नये म्हणून ती सोय आहे.

हे आकडे आता आपल्या कायद्यातही आले आहेत, मोटारसायकलच्या संदर्भात. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेल्या अधिसूचनेने ४ वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घालून दिली. त्यात सायकलच्या या मानकांचं हेल्मेटही चालतं. बिनइंजिनाच्या सायकलला हा नियम लागू नाही. पण स्कूटरवर जे डोकं जपायचं तेच डोकं सायकलवरही असतं.

मग सायकल बघा

पुरुषांच्या सायकलवर आपण टांग मारून बसतो. पाय मागून फिरवून पलीकडे टाकायचा, हा हिसका लहानपणापासून अंगात मुरलेला असतो. मागे उंच पाठीची सीट लागली की टांग मारताच येत नाही. पाय थेट मुलाच्या तोंडाशी जातो. मग दांड्यावरून पाय उचलून पुढून घालावा लागतो आणि नेमक्या त्या वेळी सायकल उभी असते, कलते. म्हणून मूल न्यायचं असेल तर बिनदांड्याची लेडीज सायकल सगळ्यात सोयीची. ती कोणीही चालवावी. पाय मधून पलीकडे जातो, दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. त्यासाठी आपली सीटही नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्यावी. पायडल मारायला थोडं जड जातं, पण थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर येतात.

तिच्यावर आणखी एक उपयोगी वस्तू असते, साडी गार्ड. मागच्या चाकाला लावलेली ही जाळी पदर तारांत जाऊ नये म्हणून आली. मुलाचं पाऊल फिरत्या चाकात अडकणं ही हाडांच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची दुखापत आहे. चाक टाच आत ओढून घेतं, आणि फ्रेमची सळी व तारा यांच्यामध्ये घोटा चेमटतो. मोटारसायकलला तर मागचं चाक निम्मं झाकणारं आवरण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचं आहे. सायकलच्या साडी गार्डचा तोटा एकच. ते बहुधा एकाच बाजूला असतं. मुलाला मात्र दोन पाय आहेत. दुसऱ्या बाजूलाही जाळी लावून घ्या किंवा पोटरीपर्यंत झाकणारी ढाल असलेलीच सीट घ्या.

आता आपल्या स्वतःच्या सीटखाली वाकून बघा. जुन्या पद्धतीच्या रुंद सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असतात. आपण बसलो की त्या मिटतात, खड्ड्यातून उसळलो की उघडतात. मागे बसलेल्या मुलाचे हात नेमके त्यांच्याच उंचीवर येतात. उघडलेल्या वेढ्यात बोट घालायला आणि आपण पुन्हा खाली बसायला एकच वेळ आली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. या स्प्रिंगांवर जाड कापडाचं किंवा रेक्झिनचं आवरण शिवून घ्यावं. खर्च नगण्य आहे.

शेवटी ब्रेक. ८१ किलोंची सायकल आणि माणूस मूल-सीटसकट १०० किलोंचे झाले, तर ब्रेकची पकड तीच राहून थांबायचं अंतर जवळपास पाव पटीने वाढतं. आणि वेग ताशी १५ वरून २५ वर गेला, उड्डाणपुलाच्या उतारावर सहज जातो, तर जिरवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. पावसाळ्यात चकचकीत लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर घसरतं. अशा सायकलवर मूल न्यायचं असेल तर जून ते सप्टेंबर विश्रांती घ्यावी किंवा ॲल्युमिनियमच्या रिमची सायकल घ्यावी.

“आम्ही तर दांड्यावरच वाढलो”

घरातले मोठे हे हमखास म्हणतात आणि ते खोटं नाही. एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं आणि दांड्यावर पंच्याची घडी टाकून बसलेली मुलं हे रोजचं दृश्य होतं. पण त्या सायकलीच वेगळ्या होत्या. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली जपल्या आहेत, तिथे जाऊन बघा. २८ इंची चाकं, ताठ बसायची घडण, लांब फ्रेम, दोन आसांमध्ये आजच्यापेक्षा जास्त अंतर. अशी सायकल संथ चालते, सरळ जाते आणि मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं. मुख्य म्हणजे शेजारून मोटारी फारशा जात नव्हत्या. पडलंच तर मूल रस्त्यावर पडायचं, चाकाखाली नाही. तेव्हाची मुलं वाचली त्यात रस्त्याचा वाटा मोठा होता. आता तो रस्ता नाही, म्हणून त्याचं काम सीटने करायचं.

दुकानात आणि घरी

नाना पेठेतल्या सायकलच्या दुकानांत लोखंडी सळ्यांच्या, रेक्झिनच्या सीटपासून प्लॅस्टिकच्या आयात सीटपर्यंत सगळं मिळू शकतं. “पकडून बसेल ना, काय होतंय?” असं दुकानदार म्हणाला तर पट्ट्याकडे बोट दाखवायचं. पट्टा दोन्ही खांद्यांवरून यावा. नुसता कमरेचा पट्टा असला की मूल पुढे वाकतं किंवा खालून सरकतं. कुलूप मुलाला स्वतः उघडता येऊ नये, आपल्याला एका हाताने उघडता यावं. जुनी सीट कोणाकडून घेत असाल तर प्लॅस्टिक वाकवून बघा. गॅलरीत उन्हं खाल्लेलं प्लॅस्टिक पांढुरकं पडतं आणि त्याला केसासारख्या चिरा जातात. ती सीट फुकटही महाग. कडं आणि सळ्या त्याच सीटच्या आहेत ना, ते तपासा.

सीट बसवून झाली की पहिल्या फेरीला मूल नको. १० किलोंची तांदळाची पिशवी सीटवर ठेवा, पट्ट्यांनी बांधा आणि सोसायटीच्या आवारात सायकल काढा. निघणं, थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं, स्पीडब्रेकर, उतरणं, हाताने धरून चढवणं, सगळं करून बघा. उतरताना पाय कुठे अडकतो, कोणत्या क्षणी सायकल कलते, ब्रेक कुठून दाबायला लागतो, हे तांदूळ शांतपणे शिकवतात. मग नट पुन्हा आवळा, कारण पहिल्या धक्क्यांनंतर ते हमखास सैल होतात. तांदूळ न सांडता सगळं जमायला लागलं, की मुलाला हेल्मेट घाला.

थोडक्यात

• वय १ वर्षाच्या पुढे, वजन ९ किलोंच्या वर आणि आधाराशिवाय बसता येणारं मूल, तरच सायकलवर.
• पुढची सीट १५ किलोंपर्यंत, मागची २२ किलोंपर्यंत. दांड्यावरची बिनपट्ट्याची सीट रहदारीत नको.
• खड्डे आणि स्पीडब्रेकरच्या रस्त्यांसाठी फ्रेमला बसणारी, लवचीक सळ्यांची सीट. कॅरिअरची घेतली तर त्यावर कोरलेला भार वाचा.
• सीटवरची गुरुत्वमध्याची खूण मागच्या आसाच्या १० सेंटिमीटरपेक्षा मागे नको.
• दोन्ही खांद्यांवरून पट्टा, पायांना ढाल, चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, आपल्या सीटच्या स्प्रिंगांना आवरण.
• बिनदांड्याची सायकल, आपली सीट थोडी खाली, ब्रेक पक्के.
• स्टँडवरच्या सायकलवर मुलाला एकटं सोडायचं नाही. मूल शेवटी बसवायचं, आधी उतरवायचं.